त्या मरालला लागलेली पहिली गोळी

इनास, तू गेल्यावर आठव्या दिवशी आपल्या दोस्ताने, साळवीने, तो किस्सा पुन्हा सांगितला. खलिफा सिटीतल्या तुझ्याच हॉलमध्ये, तुझ्याच खुर्चीच्या पाठीला टेकून. त्याचा हेतू वाईट नव्हता. तासभर कुणी धड बोललं नव्हतं. ब्रिजीटवहिनी चहाचे कप उचलून आत नेत होत्या आणि तेच धुऊन परत बाहेर आणत होत्या. कुणीतरी वातावरण हलकं करायला हवं, असं त्याला वाटलं असणार. मग सुरू झाला. आमचा इनास जन्मभर सगळ्यांना सांगत आला, काडतूस छोटं घ्या, नेम शिका, आणि कझाकस्तानात स्वतः काय केलं, तर पंतांची, म्हणजे माझी, मॅग्नम रायफल उचलली आणि बिचाऱ्या हरणाच्या पोटात घातली. लोक हसले. रडून सुजलेल्या डोळ्यांनी हसले. मीही हसलो.

तुझी लेक जेनिस उठून आतल्या खोलीत गेली. दार आपटलं नाही तिने. आपटलं असतं तर बरं झालं असतं.

त्या क्षणी मला तुझा जो राग आला तो अजून उतरलेला नाही. गेलेल्या माणसावर रागवू नये म्हणतात. असं म्हणणाऱ्यांना तुझ्यासारखा मित्र भेटलेला नसतो.

आपली ओळखही माझ्या फजितीतूनच झाली. टीम-बिल्डिंगच्या नावाखाली आमच्या ऑफिसने सगळ्यांना शूटिंग क्लबात नेलं होतं. हातात पॉइंट टू-टूची रायफल, पन्नास मीटरवर कागद. मी दहा गोळ्या मारल्या, ऐटीत बटण दाबून कागद जवळ आणला, तर त्यावर तीन भोकं. शेजारच्या लेनवरून एक दणकट, टक्कल पडलेला माणूस अगदी शांतपणे हिंदीत म्हणाला, भाईसाब, मैंने दस मारी हैं, मेरे कागज़ पे सत्रह हैं. माझ्या तोंडून निघालं, "अयाई गं." तुझा चेहरा खुलला. "मराठी काय? मग तुझ्या सात घेऊन जा."

हा किस्सा मी बारा वर्षं सांगत आलो. असे माझ्याकडे पुष्कळ आहेत. चुकीच्या माणसाच्या लग्नात जेवून आलेला मी, बॉसच्या बायकोला बॉसची आई समजलेला मी. स्वतःच्या चुका सांगून हशा मिळवणं हेच माझं भांडवल. आपणच आपल्यावर हसलो की पुढचे प्रश्न कुणी विचारत नाही, हे मला फार लवकर कळलं होतं. आणि मला ते कळलंय, हे तुला कळलं होतं. पंत हे नावही तूच ठेवलंस. का, तर मी पुण्याचा, शाकाहारी, आणि नेमका चुकीच्या गोष्टीवर ठाम.

सगळ्यांत ठाम होतो तो एल्कवर. एल्क म्हणजे अमेरिकेतलं हरीण, आपल्या सांबराचा थोरला भाऊ, तीनशे किलोच्या पुढचा. आपण दोघांनीही तो कधी पाहिलेला नव्हता. आपल्यासारख्या नोकरदाराकडे इथे आखातात स्वतःची रायफल कुठली. क्लबात भाड्याने मिळायची ती टू-टू, जिच्याने फार तर ससा मरेल. तेवढ्या बळावर आपण दर शनिवारी करक चहा पीत तोंडाने एल्क मारत होतो.

माझं म्हणणं, एवढ्या जनावराला थ्री हंड्रेड मॅग्नमच पाहिजे. बोटाएवढं लांब काडतूस, त्यात ठासून भरलेली पावडर. कितव्या मीटरवर किती ताकद उरते, याची मी एक्सेल शीट केली होती, सात रंगांत. तुझं म्हणणं, साधी थ्री-ओ-एट पुरे, आणि नेम नसेल तर तोफसुद्धा अपुरी. मी म्हणायचो, अरे, माझा धंदाच हा आहे. जबल अलीच्या बंदरात मी कंटेनरमधला माल बांधून घेतो. जिथे पाच टनांचा पट्टा चालेल तिथे दहाचा लावतो, कारण समुद्रात काय होईल सांगता येत नाही. माणूस चुकणारच, तेव्हा काडतूस एवढं मोठं घ्यायचं की चूक त्यात खपून जाईल.

तू चहाचा कप खाली ठेवलास. "पट्टा घाबरत नाही, पंत. तू घाबरतोस."

मी हसण्यावारी नेलं. पुढच्या शनिवारी शीटमध्ये आठवा रंग घातला.

मग तू मला तुझ्या हॉटेलात नेलंस. तिथल्या किचनमध्ये मांस कापण्याचा सगळा विभाग तुझ्या हाताखाली होता. माझ्या डोक्यावर कागदी टोपी, अंगात पांढरा कोट, पायात दोन नंबर मोठे गमबूट, अशा थाटात मी कोल्डरूममध्ये शिरलो. आकड्याला बीफचा पुढचा अर्धा भाग टांगलेला होता. तू बोटाने दाखवत गेलास. हे खांद्याचं पातं, हा पुढचा पाय, आणि त्याच्या मागे हातभर जागा, तिथे फुफ्फुसं आणि काळीज. या जागेत शिरलेली लहान गोळीसुद्धा जनावराला शंभर पावलं जाऊ देत नाही. इथून वीतभर मागे गेलास की पोट, आणि पोटात कितीही मोठी घाल, जनावर चालत राहतं. तासन्‌तास चालतं, म्हणालास. पुढचं मला ऐकू आलं नाही, कारण मी खाली पडलो होतो. शुद्धीवर आलो तेव्हा तुझी फिलिपिनो असिस्टंट माझ्या तोंडावर कांदा धरून उभी होती.

हाही किस्सा मी रंगवून सांगायचो. कांदा, गमबूट, सगळं. तू काय दाखवत होतास ते मात्र त्यात कधीच नसायचं.

कझाकस्तानची टूम साळवीची, पण तुला उभं-आडवं बोलून राजी केलं मी. अमेरिका लांब, तिथला खर्च आणि व्हिसा दोन्ही आवाक्याबाहेर. इथून चार-साडेचार तासांच्या विमानावर मात्र मराल होता. मराल म्हणजे आशियातला एल्कच, फक्त पासपोर्ट वेगळा. रीतसर परमिट, रायफली तिथेच भाड्याने, डोंगरात घोड्यावरून. माझ्या बायकोने, मेधाने, बॅगेत मेतकूट आणि थालीपिठाची भाजणी भरली आणि विचारलं, तू तिथे नक्की काय करणार आहेस? मी म्हणालो, अनुभव घेणार आहे.

कॅम्पवर पोचल्या दिवशी आपला गाइड येरलान याने दोन रायफली फळीवर ठेवल्या. एक थ्री-ओ-एट, एक मॅग्नम. मी मॅग्नम उचलली. इतक्या वर्षांची शीट होती ना माझी. पहिलाच बार काढला तो डोळा रायफलवरच्या दुर्बिणीच्या फार जवळ ठेवून. दस्त्याने खांद्याला असा धक्का दिला की दुर्बिणीची कड थेट भुवईवर आली. भळाभळा रक्त. साळवीने पट्टी लावली आणि फोटोही काढला. आजही माझ्या भुवईवर जी अर्धी चंद्रकोर दिसते ती हीच. समोरचा कागद कोरा होता, रायफलने एका फटक्यात फक्त मला टिपलं होतं.

दुसरा बार काढायच्या आधी रायफल तू भरून दिलीस. मी डोळा लावला, दम रोखला, ट्रिगर ओढला. टक्‌ असा नुसता आवाज. तू आत डमी घातली होतीस, रिकामं काडतूस. बार झालाच नाही, आणि रायफलचं तोंड मात्र धक्क्याच्या धास्तीने हातभर खाली गेलं होतं. माझे डोळे घट्ट मिटलेले, दात आवळलेले. येरलान हसला. साळवी घोड्याच्या मानेवर डोकं ठेवून हसला. तू नाही हसलास.

मला बाजूला घेऊन तू म्हणालास, थ्री-ओ-एट घे, पंत. मी म्हणालो, डमी घालून मला सगळ्यांसमोर उघडं पाडायची गरज नव्हती. तिसऱ्या दिवशी पहाटे खोगीर आवळताना पुन्हा म्हणालास, थ्री-ओ-एट घे. मी म्हणालो, आता मला त्या धक्क्याची सवय झालीय.

तिसऱ्यांदा का नाही म्हणालास? रायफल माझ्या हातातून ओढून का नाही घेतलीस? तुझ्या किचनमध्ये पोऱ्याने सुरी चुकीची धरली तर दोनदा सांगून तू गप्प बसायचास का?

साळवीला ताप भरला म्हणून तो तंबूतच राहिला. आपण तिघंच गेलो. नर ओढ्यापलीकडच्या उतारावर होता, दोनशे मीटरवर, बाजू पूर्ण आपल्याकडे करून उभा. इतकं मोठं आणि इतकं शांत काही मी पूर्वी पाहिलेलं नव्हतं. त्याच्या तोंडातून वाफ निघत होती. मी बॅगेवर रायफल टेकवली. दुर्बिणीत खांद्यामागची जागा स्वच्छ दिसत होती. कोल्डरूममध्ये तुझं बोट जिथे टेकलं होतं, तीच. आणि मग, इनास, मी डोळे मिटले. भुवई आधीच ठणकायला लागली होती. मी डोळे मिटून ट्रिगर ओढला.

काडतूस कमी पडलं नाही. माझ्या शीटमधला आकडा अन् आकडा त्या गोळीने खरा केला असणार. ती त्याच्या पोटातून आरपार गेली. तो वाकला, पाठीची कमान झाली आणि तसाच चालायला लागला.

येरलानने थांबायची खूण केली. मग आपण निघालो. सहा तास. गवतावर कुठे रक्ताचा थेंब, कुठे हिरवट काहीतरी, ज्याकडे बघून तू मान हलवायचास आणि मला काही सांगायचा नाहीस. दोन जागी तो बसला होता, तिथलं गवत दबलेलं होतं, ओलं होतं. दोन्ही वेळा आपली चाहूल लागल्यावर उठून पुढे गेला होता. दुपार कलली तेव्हा तो झुडपांत उभा दिसला, मान खाली घातलेला. तू एका गुडघ्यावर बसलास, एक श्वास घेतलास, अर्धा सोडलास. थ्री-ओ-एटचा एकच बार. तो चार पावलंसुद्धा गेला नाही.

तू त्याच्याजवळ गेलास आणि त्याच्या कपाळावर तळहात ठेवून उभा राहिलास. मी मागे एका दगडावर बसून ओकत होतो.

संध्याकाळी तंबूत साळवी उठून बसला होता. कातड्यावर दोन गोळ्यांच्या खुणा कशा, त्याने विचारलं. मग माझ्याकडे वळला. त्याला किस्सा हवा होता, तोंड आधीच हसरं केलेलं. पंत, पहिली तुझीच ना? माझ्या तोंडातून शब्द फुटायच्या आत तू बोललास. नाही, माझी. पंतांची भुवई फुटलेली, म्हणून मॅग्नम मी घेतली. मोह झाला, मागे गेली.

येरलानला हिंदी नाही, मराठी नाही. तो भांडी आवरत होता. मला फक्त "नाही" म्हणायचं होतं. दोन अक्षरं. मी पाणी प्यायलो.

दुसऱ्या दिवशी सकाळी ओढ्यावर तू सुऱ्या धूत होतास. मी विचारलं, का केलंस असं? तू माझ्याकडे न बघता बोललास. मला वाटतं आपल्या बारा वर्षांत तू एका दमात इतकं कधी बोलला नव्हतास.

"तुझ्याकडे दिलं असतं तर चार महिन्यांत तू त्याचा किस्सा केला असतास, पंत. कांद्यासारखा. ते जनावर सहा तास फाटलेलं पोट घेऊन चाललं. त्याच्यावर कुणी हसलेलं मला नाही चालणार. माझ्याकडे राहू दे. माझ्याकडे ते गप्प राहील."

मला थप्पड बसल्यासारखं झालं. आणि खरं सांगू का, सुटल्यासारखंही झालं.

पण नाही राहिलं ना ते गप्प. साळवीला तोंड आहे, हे तू विसरलास. त्याच नाताळात तुझ्या घरी जेवायला आपण सगळे जमलो होतो. वहिनींनी फुगे, तुमच्याकडचे ते मैद्याचे फुगीर गोळे, तळले होते, माझ्यासाठी बटाट्याची भाजी वेगळी. साळवीने किस्सा सुरू केला आणि तू बशीकडे बघत राहिलास. जेनिस समोर होती. तेव्हा सोळा वर्षांची, क्लबातल्या तिच्या वयाच्या पोरांत सगळ्यांत चांगला नेम असलेली, आठव्या वर्षापासून तुझ्या शेजारच्या लेनवर उभी राहिलेली. लहान काडतूस, एक श्वास, आणि ज्या नेमाची खात्री नाही तो सोडून द्यायचा, हा तुझा पाढा तिला तोंडपाठ. तिने तुला विचारलं, "पप्पा, यू टुक द मॅग्नम?" तू हो म्हणालास. तिने विचारलं, "व्हाय?" तू म्हणालास, मोह झाला गं.

साळवी म्हणाला, आणि पंत बिचारे भुवई धरून बघत बसले. त्यावर मी एक वाक्य जोडलं. म्हणालो, अरे, भुवई फुटली नसती तर मीच मारला असता, आणि एका गोळीत. टेबल हसलं. टायमिंग चांगलं होतं माझं.

त्यानंतर जेनिस क्लबात आली नाही. तिला पोटावरच्या गोळीचा राग नव्हता, नेम कुणाचाही चुकतो. तिच्या लेखी तू खोटा निघालास. जे तिला शिकवलंस त्यावर तुझाच विश्वास नव्हता. सव्वा वर्ष तू शेजारची लेन बुक करत राहिलास आणि ती रिकामी राहिली. मी तुझ्या दुसऱ्या बाजूच्या लेनवर उभा राहून ती रिकामी लेन बघत होतो.

एकदाच, गाडीत, मी तुला विचारलं, सांगू का मी जेनिसला? तू वळण घेत होतास. म्हणालास, सांगायचं तर सांग, मला काय विचारतोस. मी तुझ्या परवानगीची वाट बघत होतो, आणि तू ती दिली नाहीस. पुढच्या शनिवारी आपण परत मॅग्नमवर भांडलो. कल्पना कर. सहा तास त्या रक्तामागे चालून आलेला मी तुला म्हणत होतो की तसा विचार केला तर थ्री-ओ-एटचं मार्जिन कमीच आहे. तू हसलास फक्त. तुझं बरोबर होतं, हे तीन शब्द मी तुला म्हणालो नाही. तुझ्या हसण्यानेच मला कळत होतं की तुला त्यांची गरज नाही. मला होती, गाढवा.

आणि मग तू गेलास. तुला वसईला पाठवायचं ठरलं तेव्हा कार्गोचे कागद मी केले, कारण ते मला येतं. तिथल्या लोकांनी पेटी नीट बांधली होती. तरी मी पट्टा ओढून बघितला. ओढत राहिलो. शेवटी तिथला पठाण लोडर म्हणाला, खलास, साब, पक्का है. त्या पट्ट्यावर माझा जेवढा राग निघाला तेवढा तुझ्यावर तू जिवंत असताना निघाला असता, तर आपलं एक खरं भांडण तरी झालं असतं.

साळवीच्या त्या किश्श्यानंतर बारा दिवस मी स्वतःला सांगत होतो की आता बोलून काय उपयोग. पोरीला उगाच त्रास. तेराव्या दिवशी दुपारी ऑफिस सोडून तुझ्या घरी गेलो. जेनिस डायनिंग टेबलावर लॅपटॉप उघडून कॉलेजचे फॉर्म भरत होती. वहिनी बाहेर गेल्या होत्या. मी ऑफिसातून निघाल्यापासून सुरुवात ठरवत होतो, आणि काय सांगू तुला, ठरवताना पहिल्यांदा भुवईचाच प्रसंग डोक्यात आला. पोरीला आधी जरा हसवायचं, मग सांगायचं. इतका मी मुरलेला आहे.

मी उभ्यानेच सांगितलं. "जेनिस, मरालला पहिली गोळी मी मारली. पप्पाने नाही. पप्पाने मॅग्नमला हातही लावला नव्हता."

तिने टायपिंग थांबवलं. मग ती म्हणाली, "यू वर सिटिंग राइट हिअर. ॲट ख्रिसमस."

"हो."

"अँड यू लाफ्ड."

"हो."

"ही आस्क्ड मी एव्हरी सॅटर्डे, अंकल. एव्हरी सॅटर्डे, इफ आय वॉन्टेड टु कम." आवाज चढला नाही तिचा. तुझ्यासारखाच खाली गेला. मी ओढ्यावरचं तुझं बोलणं तिला सांगायला लागलो, तू का केलंस ते. तिने हात वर करून मला थांबवलं. "डोन्ट टेल मी. टेल देम." आणि लॅपटॉपकडे वळली.

परवा तुझी महिन्याची मिस्सा, तुझ्यासाठीची प्रार्थना, झाली. नंतर चर्चच्या हॉलमध्ये जेवण. तीस-चाळीस माणसं, तुझ्या हॉटेलातली, वसईकडची, आमची जबल अलीची गँग. लोक तुझ्याबद्दल एकेक आठवण सांगत होते. मी उठलो. मी उठताच माणसं खुर्च्या वळवून सैल बसली. पंत उठले, आता जरा हसायला मिळणार. मी म्हणालो, कझाकस्तानात मरालच्या पोटात गोळी इनासने नाही, मी घातली. आणि लोक हसले, इनास. साळवी टाळी देत म्हणाला, हे नवीन आहे, पंत, पुढे सांग.

मी पुन्हा सांगितलं. डोळे मिटून मारली म्हणालो. पुन्हा हशा. माझा चेहराच असा झालाय का? मी वाक्य टाकलं की लोकांना त्याच्याखाली विनोदच दिसतो? बारा वर्षं मीच या माणसांना शिकवलंय माझ्यावर हसायला, आणि ते इमानाने हसत होते. मला राग आला. त्यांच्यावरचा राग, माझ्यावरचा, सगळ्यांत जास्त तुझ्यावरचा, कारण तू हेच सांगितलं होतंस आणि तू बरोबर होतास.

"हसू नका," मी म्हणालो. "तो सहा तास चालला."

मग मी सगळं सांगितलं. दबलेलं गवत, दोन वेळा उठून गेलेला तो. तू दोनदा थ्री-ओ-एट घे म्हणालास आणि मी घेतली नाही. ताकद विकत किंवा भाड्याने कुणालाही मिळते, म्हणून मी ती घेतली, आणि जे शिकावं लागतं ते बारा वर्षं शिकलो नाही. तू खोटं का बोललास आणि मी पाणी का प्यायलो. साळवीने मान खाली घातली होती. त्याने शेवटी विचारलं, मग नाताळात तू का नाही बोललास? मी म्हणालो, तुझा किस्सा चांगला रंगला होता.

ब्रिजीटवहिनींनी एकच विचारलं. "जेनिसला आधी सांगितलंत, की आत्ता आमच्याबरोबर?"

"आधी तिला."

"मग बसा. जेवून घ्या," त्या म्हणाल्या आणि माझ्या ताटात काही न वाढता पुढे गेल्या.

जेनिस भिंतीशी उभी होती. निघताना ती माझ्याजवळ आली. म्हणाली, शनिवारी क्लबात जातेय. पप्पाची लेन बुक केलीय. मला इतका आनंद झाला की मी लगेच म्हणालो, मी येतो, न्यायला येऊ का? ती म्हणाली, "नो. नॉट विथ यू." उद्धटपणे नाही. नुसतं सांगितल्यासारखं.

आज शनिवार आहे. आत्ता साडेदहा झालेत, ती लेनवर उभी असेल. मी घरात बसून हे लिहितोय. तुझं बरोबर होतं, इनास. काडतुसाबद्दल आणि माझ्याबद्दलही. माझी गोळी स्वतःच्या नावावर घेतलीस, हे मात्र चुकलं. त्याची किंमत तू एकटा मोजणार होतास असं तुला वाटलं. ती तुझ्या पोरीने मोजली.

मला माहीत आहे, तू असतास तर संध्याकाळपर्यंत तिला म्हणाला असतास, येऊ दे गं त्याला, पंत आहे आपला. आणि तुझ्या शब्दाखातर ती हो म्हणाली असती.

या वेळी मधे पडू नकोस.